मतपेटीतून आलेले न्यायासन

अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या फौजदारी अपील न्यायालयाच्या प्रमुख न्यायाधीश शॅरन केलर यांची तीस वर्षांची न्यायालयीन कारकीर्द २०२४ च्या डिसेंबरअखेर संपुष्टात आली. सेवानिवृत्तीचे वय झाले म्हणून ती संपली नाही, किंवा त्यांच्यावर महाभियोग चालून त्या पदच्युत झाल्या असेही नाही. त्या वर्षीच्या ५ मार्च रोजी झालेल्या रिपब्लिकन पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत त्यांच्याच पक्षाच्या मतदारांनी त्यांना पराभूत केले. न्यायाधीश निवडणुकीत पडला, हे वाक्यच भारतीय वाचकाला विचित्र वाटेल. पण त्याहून विचित्र आहे तो या पराभवाचा इतिहास. ज्या कृत्याबद्दल अमेरिकेतील विधिज्ञांनी, वृत्तपत्रांनी आणि शिस्तपालन आयोगानेही केलर यांना दोष दिला, त्या कृत्यानंतर टेक्सासच्या मतदारांनी त्यांना दोनदा निवडून दिले. उलट ज्या एका निर्णयात त्यांनी राज्यघटनेच्या अक्षराला धरून आपल्याच पक्षाच्या एका बलाढ्य नेत्याविरुद्ध मत दिले, त्या निर्णयाचा वचपा म्हणून त्यांना घरी पाठविण्यात आले.

हे कसे घडले ते समजण्यासाठी टेक्सासच्या न्यायव्यवस्थेची रचना आधी ध्यानात घेतली पाहिजे. अमेरिकेत संघराज्याची न्यायालये निराळी आणि राज्यांची निराळी. संघीय न्यायाधीशांची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतो, सेनेट तिला संमती देते आणि ते तहहयात पदावर राहतात. राज्यांना मात्र आपापली पद्धती ठरविण्याची मुभा आहे. टेक्सासमध्ये दिवाणी आणि फौजदारी या दोन बाजूंची शिखर न्यायालयेही वेगळी आहेत. दिवाणी दाव्यांचा शेवटचा शब्द राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा, तर फौजदारी खटल्यांचा शेवटचा शब्द नऊ न्यायाधीशांच्या फौजदारी अपील न्यायालयाचा. अशी दुहेरी रचना टेक्सासखेरीज केवळ ओक्लाहोमा राज्यात आढळते. या दोन्ही न्यायालयांचे न्यायाधीश सहा वर्षांच्या मुदतीसाठी, पक्षाच्या तिकिटावर, राज्यभरातील मतदारांकडून निवडले जातात. देहदंडाची शिक्षा झालेल्या प्रत्येक आरोपीचे अपील थेट फौजदारी अपील न्यायालयाकडे येते. १९८२ च्या डिसेंबरात विषारी इंजेक्शन देऊन देहदंड देण्याची पद्धत जगात प्रथम याच राज्यात अंमलात आली आणि तेव्हापासून तेथे पाचशेहून अधिक कैद्यांना देहदंड देण्यात आला आहे. अमेरिकेतील दुसरे कोणतेही राज्य त्याच्या जवळपासही येत नाही. तेव्हा या न्यायालयात कोण बसतो हा प्रश्न तेथे अक्षरशः जीवनमरणाचा आहे.

न्यायाधीशांना निवडून देण्याची ही रूढी मुळात दुष्ट हेतूने निर्माण झालेली नाही, हेही मान्य केले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, अँड्र्यू जॅक्सन यांच्या काळातील लोकशाहीच्या लाटेत, सर्व न्यायाधीश निवडणुकीने नेमण्याचा प्रयोग १८३२ मध्ये मिसिसिपीने प्रथम केला. १८४६ मध्ये न्यूयॉर्कने त्याचे अनुकरण केले आणि मग ते लोण देशभर पसरले. गव्हर्नर आणि विधिमंडळातील बडी मंडळी आपल्या हस्तकांना न्यायासनावर बसवितात, त्यापेक्षा जनतेने न्यायाधीश निवडावा म्हणजे तो सत्ताधाऱ्यांचा मिंधा राहणार नाही, असा तो विचार होता. टेक्सासच्या १८७६ च्या राज्यघटनेत तर सरकारविषयीचा अविश्वास पानोपानी भरलेला आहे. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळातील केंद्रित सत्तेचा अनुभव ताजा असल्याने घटनाकारांनी अधिकार शक्य तितके फोडून वाटले. ही वाटणी पुढे केलर यांच्या पराभवाच्या कथेत अनपेक्षितपणे महत्त्वाची ठरली.

केलर या मूळच्या डॅलसच्या. त्यांचे कुटुंब तेथील हॅम्बर्गर विकणाऱ्या एका लोकप्रिय उपाहारगृहाचे मालक. राइस विद्यापीठात तत्त्वज्ञान आणि सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठात कायदा शिकून त्यांनी डॅलस जिल्ह्याच्या सरकारी वकिलाच्या कचेरीत अपिलांचे काम केले. १९९४ साली त्या फौजदारी अपील न्यायालयाच्या निवडणुकीस उभ्या राहिल्या आणि विजयी होऊन त्या न्यायालयातील पहिल्या महिला न्यायाधीश ठरल्या. ज्या वर्षी जॉर्ज डब्ल्यू. बुश प्रथम टेक्सासचे गव्हर्नर म्हणून निवडून आले, तेच हे वर्ष. तोपर्यंत डेमोक्रॅटिक पक्षाचे वर्चस्व असलेल्या या न्यायालयावर तांत्रिक चुकांसाठी शिक्षा रद्द करीत असल्याचा आरोप होई, आणि गुन्हेगारीला कंटाळलेल्या मतदाराला तो पटतही असे. आपण सरकारपक्षाच्या बाजूच्या आहोत, हे केलर यांनी लपविले नव्हते. वकिलाने असे म्हणणे समजण्याजोगे आहे. पण न्यायासनाच्या उमेदवाराने ते प्रचाराचे भांडवल करावे यात काही वावगे आहे, असे तेथे फारशा कोणाला वाटले नाही.

त्या भूमिकेचा अर्थ काय होतो, हे रॉय क्रायनर या लाकूडतोड्याच्या प्रकरणात दिसून आले. १९८६ मधील एका सोळा वर्षांच्या मुलीच्या खुनाशी निगडित बलात्काराबद्दल त्याला १९९० साली ९९ वर्षांची शिक्षा झाली होती. पुढे १९९७ मध्ये डीएनए चाचणी झाली आणि मृतदेहावर सापडलेले वीर्य त्याचे नव्हे असे निष्पन्न झाले. कनिष्ठ न्यायालयाच्या न्यायाधीशाने फेरखटल्याची शिफारस केली. १९९८ मध्ये फौजदारी अपील न्यायालयाने ती बहुमताने फेटाळली, आणि तो निकाल केलर यांनी लिहिला. आरोपीने निरोध वापरला असेल, त्या मुलीचा अन्य कोणाशी संबंध आला असेल, तेव्हा चाचणीने क्रायनरचे निर्दोषत्व निःसंदिग्धपणे सिद्ध होत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. खटला चालला तेव्हा सरकारपक्षाने यातले काहीच ज्युरीला सांगितले नव्हते! न्यायदानाला कोठेतरी अंत असला पाहिजे, ज्युरीचा निर्णय दर पाच वर्षांनी उकरून काढता येणार नाही, हा केलर यांचा मुद्दा कायदेशास्त्राला अपरिचित नाही. प्रत्येक न्यायव्यवस्थेला ती मर्यादा घालावीच लागते. परंतु निर्दोष माणसाने मग आपले निर्दोषत्व सिद्ध करायचे तरी कसे, असा प्रश्न एका दूरचित्रवाणी मुलाखतीत त्यांना विचारला गेला, तेव्हा आपल्याला ठाऊक नाही असे उत्तर त्यांनी दिले. पुढे घटनास्थळी मिळालेल्या सिगारेटच्या थोटकावरील डीएनए त्याच अज्ञात पुरुषाच्या वीर्याशी जुळला, आणि २००० च्या ऑगस्टमध्ये गव्हर्नर बुश यांनी क्रायनरला माफी दिली. देहदंडाच्या प्रकरणांत दयेसाठी प्रसिद्ध नसलेल्या गव्हर्नराला जे दिसले ते न्यायालयाला दिसले नव्हते. या निकालाने न्यायालयाचे देशभर हसे झाले, असे याच न्यायालयातील टॉम प्राइस या रिपब्लिकन न्यायाधीशांनी उघडपणे म्हटले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मतदारांनी केलर यांना न्यायालयाच्या प्रमुखपदी निवडून दिले.

त्यानंतर आला २००७ चा २५ सप्टेंबर. त्या दिवशी सकाळी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने केंटकी राज्यातील एका प्रकरणात विषारी इंजेक्शनाच्या पद्धतीची घटनात्मकता तपासण्याचे मान्य केले. त्याच सायंकाळी टेक्सासमधील हंट्सव्हिलच्या तुरुंगात मायकेल रिचर्ड या कैद्याला नेमक्या त्याच पद्धतीने देहदंड दिला जाणार होता. रिचर्डने १९८६ साली सात मुलांच्या आईचा बलात्कार करून खून केला होता. त्याच्याविषयी सहानुभूती वाटावी असे काही नव्हते, आणि येथे प्रश्नही सहानुभूतीचा नव्हता. सकाळच्या निर्णयाच्या आधारे स्थगितीचा अर्ज त्याचे वकील घाईघाईने तयार करीत होते. न्यायालयाला कागदावर छापलेल्या प्रतीच लागत, आणि संगणकात बिघाड झाल्याने उशीर होत आहे, थोडा वेळ थांबावे, अशी विनंती त्यांनी केली. केलर त्या वेळी घरी गेल्या होत्या. पावणेपाचच्या सुमारास न्यायालयाच्या विधी सल्लागाराने त्यांना दूरध्वनी करून विचारले, आणि उत्तर मिळाले की कचेरी पाच वाजता बंद होते.

कोणत्याही कचेरीतील कारकुनाला हे ठाऊक असते की वेळेनंतर आलेला कागद घ्यावयाचा की नाही हे ठरविणे त्याच्या हाती नसते. ते साहेबांना विचारावे लागते. येथे साहेबांनाच विचारले गेले होते. देहदंडाच्या दिवशी उशिरा येणाऱ्या अर्जांसाठी एका न्यायाधीशाची नेमणूक करण्याचा त्या न्यायालयाचा प्रघात होता. त्या दिवशी ते काम न्या. शेरिल जॉन्सन यांच्याकडे होते, आणि त्या उपलब्धही होत्या. त्यांना या विनंतीची वार्ताच देण्यात आली नाही. राज्याच्या न्यायालयाने अर्जावर निर्णयच दिला नसल्यामुळे सर्वोच्च न्यायालयापुढील रिचर्डची बाजू लंगडी पडली, आणि रात्री साडेआठच्या आत त्याला मृत घोषित करण्यात आले. दोनच दिवसांनी टेक्सासमधीलच दुसऱ्या एका कैद्याच्या देहदंडाला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, आणि पुढे २००८ च्या एप्रिलमध्ये केंटकीच्या प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत देशभर देहदंड जवळजवळ थांबले. तो निकाल विषारी इंजेक्शनाच्या बाजूनेच लागला. म्हणजे रिचर्डचा देहदंड कदाचित टळला नसता, केवळ लांबला असता. पण तो न्यायालयाने विचार करून दिलेला असता.

या ठिकाणी आपल्याकडील एका रात्रीची आठवण होणे स्वाभाविक आहे. ३० जुलै २०१५ रोजी नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात याकूब मेमनच्या फाशीची सिद्धता झालेली असताना दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाचे दालन पहाटे तीननंतर उघडले, आणि तीन न्यायमूर्तींच्या पीठाने अखेरचा अर्ज ऐकून घेतला. अर्ज फेटाळला गेला व काही तासांतच फाशीची अंमलबजावणी झाली. फळ तेच आले. पण दार उघडे होते, आणि न्यायसंस्थेविषयीचा विश्वास अखेर अशाच गोष्टींवर उभा असतो.

केलर यांच्यावर टीकेचे मोहोळ उठले. वकिलांनी तक्रारी नोंदविल्या. २००९ मध्ये विधिमंडळात महाभियोगाचा ठराव मांडला गेला, पण तो समितीतच विरला. राज्याच्या न्यायालयीन वर्तणूक आयोगाने रीतसर आरोप ठेवले व त्यांची सुनावणी सॅन अँटोनियो येथे झाली. सुनावणी करणाऱ्या न्यायाधीशांचा निष्कर्ष एकतर्फी नव्हता. उशिराचा मोठा दोष त्यांनी बचावाच्या वकिलांच्या माथी मारला, कारण त्यांना थेट एखाद्या न्यायाधीशाकडेही जाता आले असते. केलर यांचे वर्तन आदर्श नव्हते, पण त्यासाठी त्यांना पदावरून काढावे असेही नाही. जी जाहीर मानहानी झाली तीच पुरेशी आहे, असे त्यांनी लिहिले. आयोगाने २०१० च्या जुलैमध्ये तरीही जाहीर ताकीद दिली. ऑक्टोबरमध्ये विशेष न्यायालयाने ती रद्द ठरविली. रीतसर आरोप ठेवल्यानंतर अशी ताकीद देण्याचा अधिकारच आयोगाला नाही, हे त्याचे कारण. ज्यांनी वेळेच्या नियमावर बोट ठेवले होते त्यांची सुटका नियमावर बोट ठेवूनच झाली! याच सुमारास आपली लक्षावधी डॉलरची मालमत्ता व उत्पन्न जाहीर न केल्याबद्दल राज्याच्या नीतिविषयक आयोगाने त्यांना एक लाख डॉलरचा दंड केला. तडजोडीनंतर २०१३ मध्ये तो पंचवीस हजारांवर आला.

एवढे सगळे झाल्यावर २०१२ मध्ये त्या पुन्हा मतदारांपुढे गेल्या आणि सहज निवडून आल्या. २०१८ मध्ये पुन्हा एकदा. यावरून टेक्सासची जनता निष्ठुर आहे असा अर्थ काढणे सोपे आहे, पण ते खरे नव्हे. ह्यूस्टनसारख्या शहरातील मतदाराच्या हाती जी मतपत्रिका पडते तिच्यावर निरनिराळ्या न्यायालयांच्या न्यायाधीशपदांचे डझनावारी उमेदवार असतात. त्यांची नावेही त्याने ऐकलेली नसतात, मग त्यांचे निकाल वाचणे दूरच राहिले. २०१८ पर्यंत एकच खूण करून पक्षाच्या सर्व उमेदवारांना मत देण्याची सोय तेथे होती. राज्यव्यापी निवडणुकीत १९९४ नंतर डेमोक्रॅटिक पक्षाचा कोणीही विजयी झालेला नाही. अशा स्थितीत केलर यांना मिळालेली मते म्हणजे त्यांच्या न्यायदानाला मिळालेला कौल, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पक्षाची निशाणी पाहून मत पडत होते. त्यामागे कोण उभे आहे याची चौकशी होत नव्हती. निवडणुकीमुळे न्यायाधीश जनतेला जबाबदार राहतो, या सिद्धांतातील हवा येथे निघून जाते. मतदाराला ज्याची माहितीच नाही त्याचा हिशेब तो कसा मागणार?

हिशेब मागणारे होते, पण ते वेगळे होते. २०२१ च्या डिसेंबरात फौजदारी अपील न्यायालयाने स्टीफन्स खटल्यात आठ विरुद्ध एक अशा बहुमताने निर्णय दिला. निवडणूकविषयक गुन्ह्यांचे खटले राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलने स्वतःच्या अधिकारात, स्थानिक सरकारी वकिलाची संमती नसताना, चालवावेत अशी तरतूद राज्याच्या कायद्यात होती. जेफरसन कौंटीच्या शेरीफवर निवडणूक निधीच्या संदर्भात असाच खटला भरण्यात आला होता. न्यायालयाने ती तरतूद घटनाबाह्य ठरविली. टेक्सासच्या घटनेने फौजदारी खटले चालविण्याचे काम जिल्ह्यांच्या व कौंटींच्या निर्वाचित वकिलांकडे दिले आहे. १८७६ च्या घटनाकारांनी सत्ता जाणूनबुजून वाटली होती, आणि विधिमंडळाला कायदा करून ती वाटणी मोडता येणार नाही, असे त्या निर्णयाचे सूत्र होते. त्या आठांत केलरही होत्या. न्यायालयातील नऊच्या नऊ न्यायाधीश रिपब्लिकन होते, तेव्हा हा निर्णय विरोधी पक्षाचे कारस्थान आहे असे म्हणण्याचीही सोय नव्हती.

अ‍ॅटर्नी जनरल केन पॅक्स्टन यांना ते मानवले नाही. २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर मतदानातील कथित गैरव्यवहार हा पक्षाच्या कार्यकर्त्यांचा जिव्हाळ्याचा विषय झाला होता, आणि त्या मोहिमेचे पॅक्स्टन हे एक सेनापती होते. २०२३ मध्ये त्यांच्यावरच भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून महाभियोग चालला. मे महिन्यात कनिष्ठ सभागृहाने तो मंजूर केला आणि सप्टेंबरमध्ये राज्याच्या सेनेटने त्यांना निर्दोष ठरविले. या विजयानंतर त्यांनी आपल्या विरोधकांची यादीच हाती घेतली. २०२४ च्या निवडणुकीत स्टीफन्स निर्णयातील आठांपैकी तिघींच्या मुदती संपत होत्या. केलर, बार्बरा हर्वी आणि मिशेल स्लॉटर या तिघींविरुद्ध प्रतिस्पर्धी उभे राहिले आणि प्रचाराचा मुख्य रोख एकच राहिला, की या न्यायाधीशांनी निवडणूक गुन्हेगारांना मोकाट सोडले. तिघीही पडल्या. डॅलसच्या अपील न्यायालयात पूर्वी न्यायाधीश असलेल्या डेव्हिड शेंक यांना केलर यांच्याविरुद्ध साठ टक्क्यांहून अधिक मते मिळाली.

हे पाहिल्यावर कॅलिफोर्नियाच्या मुख्य न्यायाधीश रोझ बर्ड यांचे उदाहरण डोळ्यांपुढे येते. गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी १९७७ मध्ये नेमलेल्या बर्ड उदारमतवादी होत्या. त्यांच्यापुढे आलेल्या देहदंडाच्या साठांहून अधिक प्रकरणांपैकी एकातही त्यांनी ती शिक्षा कायम केली नाही. १९८६ च्या नोव्हेंबरात तेथील मतदारांनी त्यांना आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना एकाच वेळी पदावरून दूर केले. बर्ड आणि केलर यांच्या विचारांत दोन ध्रुवांचे अंतर. एकीचे न्यायालय कैद्यांना सैल असल्याची तक्रार, दुसरीचे दार त्यांना बंद असल्याची. तरीही शेवट सारखाच झाला आणि दोन्ही वेळा तीन न्यायाधीश एकत्रच गेले. बर्ड यांच्या बाबतीत निदान एवढे म्हणता येईल की मतदारांचा रोष त्यांच्या अनेक वर्षांच्या एकूण न्यायदानावर होता. केलर यांच्या बाबतीत तेही म्हणता येत नाही.

त्यांच्या पराभवाने अनेकांना आनंद झाला आणि तो समजण्याजोगा आहे. सूडाच्या लाटेने एक कठोर न्यायाधीश वाहून गेली तर तिच्यासाठी कोण अश्रू ढाळणार? केलर यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. २००१ मध्ये गरीब आरोपींना वकील मिळवून देण्यासाठी टेक्सासने जो नवा कायदा केला, त्याखालच्या मंडळाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते आणि ते त्यांनी अनेक वर्षे सांभाळले. माणसे एकरंगी नसतात. पण येथे मुद्दा केलर यांच्या गुणदोषांच्या बेरीज-वजाबाकीचा नाही. पाच वाजता बंद झालेल्या दारामुळे न्यायाधीशाच्या खुर्चीला धक्का लागत नाही, आणि घटनेचा अर्थ सांगणाऱ्या एका मतामुळे ती जाते, हे त्या न्यायालयात आज बसलेल्या प्रत्येकाला कळून चुकले आहे. स्टीफन्स निर्णयातील उरलेल्या न्यायाधीशांना पुढे मतदारांसमोर जाण्याचा प्रसंग आलाच, तर आपण कायद्याचे पुस्तक आधी उघडायचे की मतदार याद्या, हा विचार त्यांच्या मनात येणारच नाही, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकेल काय?

आपल्याकडे न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडण्याच्या पद्धतीवर बरीच टीका होते आणि ती निराधार नाही. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमणूक आयोगाची घटनादुरुस्ती रद्द केल्यापासून ती अधिकच वाढली आहे. बंद खोलीतील निवडीला पर्याय शोधताना लोकांना थेट अधिकार द्यावा, असा सूर अधूनमधून निघतो. त्या मंडळींनी टेक्सासकडे एकदा पाहावे.

खुद्द टेक्सासमध्येही या पद्धतीविषयी सगळे समाधानी आहेत असे नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश वॉलेस जेफरसन यांनी, स्वतः रिपब्लिकन तिकिटावर निवडून आलेले असूनही, पक्षीय निवडणुका बंद कराव्यात असे विधिमंडळाला सांगितले होते. निवृत्त झाल्यावर सँड्रा डे ओकॉनर यांनी देशभर हाच प्रचार केला. मिसुरी राज्याने १९४० मध्ये मधला मार्ग काढला. तेथे समिती नावे सुचविते, गव्हर्नर नेमणूक करतो आणि काही काळाने मतदार फक्त होय किंवा नाही एवढेच सांगतात. मात्र रोझ बर्ड यांना दूर करणारे मतदानही याच होय-नाही स्वरूपाचे होते, हे विसरता येत नाही. टेक्सासच्या विधिमंडळाने २०१९ मध्ये यासाठी एक आयोग नेमला. २०२० च्या अखेरीस त्याने निसटत्या बहुमताने पक्षीय निवडणुका थांबवाव्यात असे मत दिले. पर्याय कोणता, यावर सदस्यांचे एकमत झाले नाही. विधिमंडळाने त्यावर काही केले नाही, आणि २०२५ च्या जानेवारीत तीन नवे न्यायाधीश ऑस्टिनच्या त्या न्यायालयात, आधीच्या तिघींप्रमाणेच मतपेटीच्या वाटेने, येऊन बसले.